तेच घर, तेच खोटं, नवा नट

हृषीकेश मुखर्जींचे विनोदी चित्रपट ओळीने पाहायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटापासून त्यांचं घर ओळखीचं होतं. मोठा दिवाणखाना, वर जाणारा जिना, कर्त्या पुरुषाच्या डोक्यात बसलेलं एखादं खूळ, आणि त्या खुळापायी कुणाला तरी बोलावं लागलेलं एक खोटं. ते निस्तरायला दुसरं, दुसऱ्याला टेकू म्हणून तिसरं. शेवटी सगळी मंडळी गोळा होतात, बिंग फुटतं, कर्ता पुरुष आधी तडकतो आणि मग विरघळतो. ‘चुपके चुपके’ (१९७५), ‘गोलमाल’ (१९७९), ‘नरम गरम’ (१९८१), ‘किसी से ना कहना’ (१९८३) या चारही चित्रपटांचा सांगाडा जवळपास एकाच मापाचा आहे. हृषीदांनी तो लपवायची खटपटही केली नाही. तरी यांतला एक पाहिला म्हणून दुसरा राहू दे, असं मला कधी वाटलेलं नाही.

मी सांगलीत हौशी रंगभूमीवर नाटकं बसवते, बहुतेक विनोदी. नव्या मुलामुलींना विनोद समजावताना हे चित्रपट दाखवते. एखादा प्रसंग थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा. त्या बघण्यातून आणि आमच्या तालमींतून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे. दिग्दर्शकाचा विनोद ओळखीचा असला तरी बिघडत नाही. नायक त्या विनोदाशी स्वतःच्या स्वभावाने वागला आणि दिग्दर्शकाने त्याला तसं वागू दिलं, की जुनी गोष्ट पहिल्यांदाच घडते आहे असं वाटतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्यावर माझा पक्का विश्वास बसला आहे.

१. खोटं बोलताना या माणसाचं काय होतं, ते आधी बघावं

सोंगाच्या नाटकात कथानकाला आपण फार महत्त्व देतो. कोण कुणाचं रूप घेतो, कोण कधी येऊन टपकतो, कुठलं दार कधी उघडतं, यातच लिहिणारा आणि बसवणारा गुंतून पडतात. प्रेक्षक मात्र एकच गोष्ट बघत असतो: खोटं बोलणाऱ्याचा चेहरा.

‘चुपके चुपके’मधला परिमल त्रिपाठी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे. बायकोचे जीजाजी म्हणजे अवघ्या जगातला हुशार माणूस, हे तिच्या तोंडून ऐकून ऐकून तो कावलाय. म्हणून तो प्यारेमोहन नावाचा ड्रायव्हर बनून त्या जीजाजींच्याच घरी दाखल होतो. त्याला तिथे जायची काही गरज नाही. नोकरी आहे, लग्न झालंय, अडलेलं काहीच नाही. हे खोटं तो निव्वळ हौसेने बोलतो, आणि धर्मेंद्र ती हौस अंगभर खेळवतो. हात जोडून, चेहऱ्यावर अढळ गांभीर्य ठेवून तो अशी संस्कृतप्रचुर हिंदी बोलतो की शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्या जीजाजींनाच घाम फुटावा. इंग्रजीत ‘टी-ओ’चा टू, ‘डी-ओ’चा डू, मग ‘जी-ओ’चा गू का होत नाही, ही शंका तो इतक्या निरागसपणे काढतो की जीजाजी झालेल्या ओम प्रकाशना रागवायलाही फट सापडत नाही. त्या प्रसंगात धर्मेंद्रच्या डोळ्यांकडे बघा. ओठांवर हसू जराही नाही, पण डोळे मजा घेतायत. पकडले जाण्याची भीती कुठे नाहीच.

आता ‘गोलमाल’. रामप्रसाद शर्माला नोकरीची खरोखरच निकड आहे. कंपनीचे मालक भवानीशंकर यांना मिशीवाले, साधे, खेळ-सिनेमाच्या वाटेला न जाणारे तरुण हवेत, असं त्याच्या कानावर येतं, आणि तो आखूड सदरा घालून मुलाखतीला जातो. सदरा आखूड का, तर कापड वाचतं, आणि सगळ्यांनीच असं केलं तर देशाचं किती कापड वाचेल, असा हिशेब तो मांडतो. इथे अमोल पालेकर काय करतात ते बारकाईने बघण्यासारखं आहे. मान जरा खाली, हात एकमेकांत, आवाज पट्टीच्या वर जात नाही. आपलं खोटं खपतंय हे कळल्यावर खरं तर त्याला हुरूप यायला हवा. पालेकरांच्या चेहऱ्यावर मात्र हुरुपाच्या आधी क्षणभर आश्चर्य येतं: अरे, हे खरं मानलं यांनी? पुढे हॉकीच्या सामन्याला तो साहेबांच्या नजरेस पडतो आणि जुळा भाऊ लक्ष्मणप्रसाद ऊर्फ लकी जन्माला येतो, तोही हौसेतून नाही, जीव वाचवायला.

मिशीमुळे ही भीती डोळ्यांना दिसते. लकी होण्यासाठी खरी मिशी उडवावी लागली, म्हणून राम व्हायला आता खोटी मिशी लावणं आलं. त्यानंतरच्या ऑफिसातल्या प्रत्येक प्रसंगात आपली नजर त्या मिशीवर खिळते, आणि पालेकर ती ओठावर अशी सांभाळतात की पोटात गोळा आपल्या येतो.

दोन्ही चित्रपटांत एक सज्जन माणूस दुसऱ्याच्या घरात सोंग घेऊन वावरतो. एकीकडे आपण सोंग करणाऱ्याच्या बाजूने टाळ्या वाजवतो, दुसरीकडे त्याच्या बाजूने घाबरतो. हा फरक संहितेत थोडा आहे, नटात जास्त. भूमिका वाटताना मी आता नटाला वाचायला देण्याआधी एक साधा प्रसंग करून बघायला सांगते: घरच्यांपासून काहीतरी लपवायचंय आणि आई समोर आली आहे. कुणी बडबडतं, कुणी मुकं होतं, कुणी उगाच कामाला लागतं. नाटक कोणत्या दिशेला जाणार, ते तिथेच कळतं.

२. नटाबद्दल लोकांना जे आधीच माहीत आहे, ते वापरावं

हृषीदांनी धर्मेंद्रकडून १९६९ साली ‘सत्यकाम’ करून घेतला होता. त्यातला नायक कशासाठीही खोटं बोलू शकत नाही आणि त्यापायी त्याच्या आयुष्याची परवड होते. सहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने त्याच नटाला चित्रपटभर खोटं बोलायला लावलं. मला हा जोड फार आवडतो. नटाचा गाभा ओळखणाऱ्या माणसालाच असं उलटंपालटं करता येतं.

शिवाय तोवर धर्मेंद्र म्हणजे भरदार छातीचा, दोन-चार गुंडांना सहज लोळवणारा नायक, हे लोकांच्या मनात पक्कं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘शोले’ आला. त्यातही धर्मेंद्र, अमिताभ आणि जया ही तिन्ही माणसं आहेत. असा देह जेव्हा ड्रायव्हरची टोपी घालून अदबीने दार उघडतो, तेव्हा एक शब्दही न बोलता अर्धा विनोद झालेला असतो. अमिताभच्या वाट्याला इंग्रजीचा प्राध्यापक असून वनस्पतिशास्त्र शिकवण्याची वेळ आली आहे. तो उंचापुरा माणूस फुलांच्या पाकळ्यांपुढे जो गांगरतो, त्याचीही गोडी तशीच.

‘बावर्ची’ (१९७२) हे याचं दुसरं उदाहरण, जरा गुंतागुंतीचं. मूळ चित्रपट तपन सिन्हांचा बंगाली ‘गल्प होलेओ सत्यि’ (१९६६). त्यात भांडणाऱ्या घरात येऊन ते सावरणारा नोकर होता रवि घोष: बुटका, चपळ, कुठून आला आणि कुठे गेला ते कळू नये असा. हिंदीत त्या जागी आला राजेश खन्ना, तेव्हाचा सगळ्यात मोठा तारा. तारा काही केल्या अनोळखी होऊ शकत नाही. तो दारात उभा राहिला की सगळ्यांनाच ठाऊक असतं, आता हा सगळं ठीक करणार. रवि घोषचं गूढ इथे गेलंच. त्याच्या बदल्यात एक ऊब आली. आदल्याच वर्षी ‘आनंद’मध्ये मरणाच्या दारात उभं राहून दुसऱ्यांना हसवणारा माणूस लोकांनी पाहिला होता, तोच आता शांतिनिवास नावाच्या घरातल्या भांडकुदळ माणसांची भांडी घासायला आला, असं वाटतं. मला स्वतःला बंगाली चित्रपट जास्त चांगला वाटतो. रघू या बावर्चीची उपदेशाची वाक्यं राजेश खन्ना जरा लाडावून म्हणतो, मान तिरकी करून. पण घरात पुष्कळ लोक एकदम बोलत असताना तो मधे शांत उभा राहून ऐकतो ना, ते ऐकणं पाहण्यासारखं आहे.

३. नट बदलला की हशाच्या जागाही बदलतात

हे मला तालमीत दिसलं, अगदी डोळ्यांसमोर.

भाडेकरूंच्या घोटाळ्याचं एक नाटक आम्ही करत होतो. खोलीत एकानेच राहायचं अशी घरमालकाची अट, आणि नायकाने गावाकडच्या मित्राला आत दडवलेलं. मालक बसलेला असताना आतून खोकला ऐकू येतो. मालक विचारतो, “आत कोण खोकतंय?” नायक म्हणतो, “रेडिओ.” नायकाचं काम करणारा आमचा नट शाळेत शिक्षक होता, खणखणीत आवाजाचा. प्रश्न संपायच्या आत तो “रेडिओ!” असं फेकायचा आणि हशा त्या शब्दावर यायचा. हमखास जागा होती ती.

पुढे त्याची बदली झाली आणि त्याच्या जागी जिल्हा परिषदेतला एक कारकून आला. अत्यंत मृदू माणूस. त्याने पहिल्याच तालमीत ती जागा वेगळीच केली. मालकाने विचारलं, “आत कोण खोकतंय?” हा काहीच बोलला नाही. उठला, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला, मालकाच्या हातात दिला. मालकाने पेला तोंडाला लावला. तो पिईपर्यंत हा समोर उभा, हात पुसत. पेला खाली आला, तेव्हा अगदी हळू म्हणाला, “रेडिओ.” तालीम बघायला बसलेली माणसं तो माठाकडे वळला तेव्हाच हसायला लागली होती. शब्दावर दुसरा हशा आला, पहिल्यापेक्षा मोठा.

आता इथे बाकी सगळं हलवावं लागलं. विंगेत खोकणाऱ्याचा दुसरा खोकला पूर्वी लगेच यायचा. तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबवला. मालकाचं काम करणाऱ्याला सांगितलं, घोट सावकाश घे, पेल्यावरून याच्याकडे बघ. माठ आधी शोभेला मागे होता, तो पुढे आणला. पहिल्या नटासाठी त्या प्रवेशाची जी लय बांधली होती ती सोडली. चार ओळींचा प्रसंग लांबला, आणि भावे नाट्यमंदिरातल्या प्रयोगात त्याच प्रसंगाला नाटकातला सगळ्यात मोठा हशा मिळाला.

म्हणून रिप्लेसमेंटला आलेल्या नटाला आधीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग दाखवू नये, असं माझं मत झालं आहे. ‘मोरूची मावशी’ हे आचार्य अत्रे यांचं नाटक ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून आलेलं. बापूराव मान्यांची मावशी पाहिलेल्या माणसांकडून मी तिचं वर्णन ऐकलं आहे, आणि विजय चव्हाणांची मावशी तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. विजय चव्हाणांनी मान्यांची नक्कल केली असती तर ती मावशी आणखी एक पिढी जगली नसती.

४. समोरची भिंत भक्कम असेल तरच चेंडू उसळतो

नायकाचं इतकं कौतुक केल्यावर उत्पल दत्त यांच्याबद्दल न बोलणं अन्यायाचं होईल. ‘गोलमाल’, ‘नरम गरम’, ‘रंग बिरंगी’, ‘किसी से ना कहना’ या चारही चित्रपटांत फसवली जाणारी किंवा तडकणारी वडीलधारी व्यक्ती तेच आहेत. यांतल्या पहिल्या तिन्हींसाठी त्यांना फिल्मफेअरचा विनोदी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. बंगाली राजकीय रंगभूमीवरचा एवढा मोठा माणूस, मृणाल सेनांच्या ‘भुवन शोम’चा नायक, आणि हिंदीत तो मिशीवरून चिडणाऱ्या मालकाचं काम किती मनापासून करतो!

मनापासून हाच त्यातला मुद्दा. भवानीशंकर विनोद करत नाहीत. मिशी हा त्यांच्यासाठी चारित्र्याचा प्रश्न आहे. त्यांचा तो दीर्घ खेचलेला “अच्छाऽऽ” ऐकला की वाटतं, हा माणूस आता खरोखरच रामला हाकलून देईल. ती भीती खरी आहे म्हणून पालेकरांची तारांबळ खरी वाटते. समोरच्याने प्रेक्षकांना डोळा मारायला सुरुवात केली की नायकाच्या खोट्याला किंमतच राहत नाही.

आणि एकच माणूस समोर ठेवून नायक बदलला की काय होतं, तेही इथे आयतं दिसतं. पालेकरांसमोर उत्पल दत्त डरकाळ्या फोडतात. ‘नरम गरम’मध्ये पालेकरांच्या जोडीला शत्रुघ्न सिन्हाचा बबुआ आला, सगळा रुबाब आणि खर्जातला आवाज, आणि डरकाळी फोडणाऱ्यालाच घरात प्रतिस्पर्धी मिळाला. ‘किसी से ना कहना’त फारूक शेखसमोर तेच उत्पल दत्त एकदम एकटे, मुलावर जीव टाकणारे वडील होतात. ‘रंग बिरंगी’त तर ते धुरंधर भाटवडेकर नावाचे पोलीस अधिकारी आहेत. आपल्याकडच्या आडनावाचा हा साहेब त्यांनी अशा ऐटीत उभा केला आहे की पाहणाऱ्याने प्रेमात पडावं.

आजूबाजूच्या माणसांचंही तसंच. ‘बावर्ची’ आणि ‘चुपके चुपके’मध्ये उषा किरण, ‘बावर्ची’त दुर्गा खोटे, ‘गोलमाल’मध्ये शुभा खोटे. मराठी रंगभूमी आणि चित्रपटांत तयार झालेल्या या बायका घरातलीच कामं करता करता संवाद म्हणतात, त्यामुळे ते घर खरं वाटतं. दीना पाठक यांनी ‘गोलमाल’मध्ये नकली आईचं आणि तिच्या नकली जुळ्या बहिणीचं काम केलं आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

५. खोटं बोलणारी बाई असेल तर हशाबरोबर काळजीही येते

‘किसी से ना कहना’मध्ये कैलाशपतींना इंग्रजी न येणारी सून हवी आहे. शिकलेल्या मुली घर मोडतात, अशी त्यांची खात्री पटलेली. मुलाचं प्रेम बसलंय ते एका डॉक्टरीणबाईंवर. मग दीप्ती नवल खेड्यातली अडाणी मुलगी बनून सून म्हणून घरात येते.

यातलं सोंग इतर चित्रपटांसारखंच आहे, पण दीप्ती नवलच्या वाट्याला ते आल्यामुळे त्याची जात बदलली. तिला सासऱ्यांना फसवण्यात मजा येत नाही, आणि पालेकरांसारखी तारांबळही उडत नाही. सासरे जसजसे तिच्यावर माया करू लागतात तसतसं तिला ते खोटं जड होत जातं. हसतानाच आपण मनात म्हणतो, सांगून टाक बाई आता. शिक्षण लपवून घरात वावरणं हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी विनोदाशिवाय केलेलं आहे, त्यामुळे मला हा चित्रपट त्या चारांत सगळ्यात जवळचा वाटतो.

‘खूबसूरत’मध्ये (१९८०) रेखाला सोंग नाही. शिस्तीच्या घरात ती नुसती येते आणि मोठ्याने हसते. ‘बावर्ची’चीच ही सख्खी बहीण: बाहेरचं माणूस येतं आणि घर बदलतं. फरक एवढाच की रघू सगळं समजून-उमजून करतो आणि रेखाची मंजू स्वतःलाही न कळता. दीना पाठकांच्या करारी निर्मलाबाईंसमोर तिचा तो उधाणलेला वावर पाहून रेखाला त्या वर्षीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, यात मला काही नवल वाटत नाही.

६. भाषा आणि गाव बदललं तर नटाने तिथला माणूस शोधावा

‘गोलमाल’ तमिळमध्ये १९८१ साली के. बालचंदर यांनी ‘तिल्लू मुल्लू’ म्हणून केला, आणि पालेकरांच्या जागी आला रजनीकांत. बंगळुरूच्या मराठी बोलणाऱ्या घरात वाढलेला हा शिवाजीराव गायकवाड तोवर तमिळ पडद्यावर दरारा असलेला नट झाला होता. बालचंदरनीच त्याला पहिला चित्रपट दिलेला. मुलाखतीचा प्रसंग, मिशी, जुळा भाऊ, सगळं जागच्या जागी आहे. पण रजनीकांत घाबरत नाही. तो वेगाने सुटतो. एक थाप मारून होते ना होते तोच दुसरी तयार, आणि थेंगै श्रीनिवासन यांचा मालक ती पकडायला मागून धावतोय. पालेकरांचा राम पाहून आपल्याला वाटतं, बिचारा अडकला; रजनीकांतचा नायक पाहून वाटतं, बघू आता हा कसा निसटतो. तमिळ न कळणारी आमची मुलं त्या प्रसंगाला पोट धरून हसतात.

आपल्या अधिक जवळचं उदाहरण ‘अशी ही बनवाबनवी’चं. १९८८चा हा चित्रपट हृषीदांच्याच ‘बीवी और मकान’वरून (१९६६) आलेला आहे, हे अजूनही पुष्कळांना सांगावं लागतं, आणि ‘बीवी और मकान’च्या मागे ‘जय मा काली बोर्डिंग’ हा बंगाली चित्रपट. जागा मिळावी म्हणून मित्रांपैकी दोघांनी बायकांचा वेष घ्यायचा, ही कल्पना तीच. हिंदीत विश्वजित साडी नेसला होता आणि मेहमूद टोळीचा म्होरक्या होता. मेहमूदकडे वेग आहे, अंगचे नखरे आहेत, हजरजबाबीपणा आहे. तरी तो चित्रपट फारसा चालला नाही.

मराठीत सचिन पिळगावकरांनी आणि लेखक वसंत सबनीसांनी ते पुण्यात आणलं आणि म्होरकेपण अशोक सराफांच्या धनंजय मानेकडे दिलं. धनंजय माने हा मला मराठी पडद्यावरचा फार मोठा शोध वाटतो. त्याच्यावर जबाबदारी आहे. धाकटा भाऊ शिकतोय, गावाकडचे दोन मित्र येऊन पडलेत, घरमालक जागा सोडायला सांगतोय. त्याचं खोटं हौसेचं नाही आणि भीतीचंही नाही. घर चालवणाऱ्या माणसाचं खोटं आहे ते. मधुमेहावरचं इस्रायलचं औषध आणून देतो म्हणून त्याने विश्वासराव सरपोतदारांकडून सत्तर रुपये घेतलेत. ते मागायला सरपोतदार येतात तेव्हा औषध आणणारा मित्रच वारल्याचं तो सांगतो. त्या वेळचा अशोक सराफांचा चेहरा बघा: त्यात चोरी पकडल्याची खूण नाही, महिनाअखेरीचा थकवा आहे. आणि सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींना त्या मित्राइतकंच आपल्या सत्तर रुपयांचं दुःख होतं. दोघंही इतके खरे वागतात की प्रसंग घरातलाच वाटतो.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशुराम दुसऱ्याच टोकाला. पार्वती झाल्यावर त्याची प्रत्येक हालचाल म्हणजे ‘आत्ता पळून जाऊ का?’ एवढंच. सचिनची सुधा मात्र त्या रूपात सुखाने नांदते, लाजते, लचकते. एकाच सोंगाकडे तिघे तीन तऱ्हेने बघतात आणि म्हणून नव्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या घरातला कुठलाही प्रवेश दुसऱ्यासारखा होत नाही. इथे नायक एक नसून मेळ आहे, आणि सचिन यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या भूमिकेला अशोक सराफांच्या पुढे ढकललेलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

७. कात्री हातात नसेल तर थांबायला शिकावं

हृषीदा मुळात संकलक. बिमल रॉय यांचे ‘दो बिघा जमीन’ आणि ‘मधुमती’ त्यांनी संकलित केले. वाक्य संपल्यावर कुणाचा चेहरा दाखवायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि विनोदात ते बहुतेकदा ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात. रंगमंचावर ती सोय नाही. तिथे बोलणाऱ्याने वाक्य टाकून स्तब्ध व्हायचं, म्हणजे प्रेक्षकाची नजर आपोआप ऐकणाऱ्याकडे वळते. हात हलला तरी जागा गेली.

८. नटाला जुन्या जागी बसवण्यापेक्षा जागा त्याच्याकडे न्यावी

अनिल कपूर या एकाच नटावरून हे कळतं.

बासू चॅटर्जींचा विनोद हृषीदांपेक्षा जास्त रस्त्यावरचा: बसस्टॉप, ऑफिस, कॅन्टीन. ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ (दोन्ही १९७६) या तिन्हींत अमोल पालेकर होते. बँकेत नोकरी केलेला, सत्यदेव दुबेंच्या तालमीत तयार झालेला हा चित्रकार नट त्या जगाला इतका शोभला की मुंबईचा बुजरा नोकरदार म्हटलं की आजही त्यांचाच चेहरा आठवतो. दहा वर्षांनी ‘चमेली की शादी’ (१९८६) करताना बासूदांकडे अनिल कपूर होता, सळसळता, मोठ्याने बोलणारा. बासूदांनी त्याला बसस्टॉपवर उभं केलं नाही. त्यांनी गोष्टच गावातल्या आखाड्यात आणि कोळशाच्या वखारीत नेली. चरणदास पैलवान आहे, उस्ताद मस्तरामांच्या पायाशी बसून लग्न न करण्याची शपथ वाहणारा, आणि चमेली दिसताच हातपाय गाळणारा. प्रेमात पडलेल्या माणसाची तीच जुनी बासू चॅटर्जी घालमेल आहे, पण ती आता लंगोट कसून, घाम गाळून होते. अमृता सिंगची चमेलीही तितकीच तडफदार. चित्रपटाला धावता नायक मिळाला म्हणून त्याला धावायला मैदान दिलं गेलं.

बारा वर्षांनी हृषीदांनी त्यांचा शेवटचा चित्रपट केला, ‘झूठ बोले कौआ काटे’ (१९९८). नायक पुन्हा अनिल कपूर. कडक वडिलांच्या भूमिकेत अमरीश पुरी, मुलगी जुही चावला, आणि मुलीसाठी सोंग घेऊन आलेला प्रियकर. माझ्या अतिशय आवडत्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट पाहताना मला वाईट वाटलं. अनिल कपूर मेहनतीत कुठे कमी पडत नाही, अमरीश पुरींचा आवाज घर हलवतो. पण प्रसंग ज्या संथ, दबक्या चालीने लिहिले आहेत ती चाल पालेकरांची आहे. अनिल कपूरला त्यात सतत आवरून घ्यावं लागतं, आणि जिथे तो आवरत नाही तिथे प्रसंग त्याच्या मागे पडतो. त्याच्यासाठी आखाडा कुणी बांधला नाही.

आमच्या पुढच्या नाटकासाठी मला एक मुलगी मिळाली आहे. बोलताना वाक्य पुरं करायच्या आत दुसरं सुरू करते, हसू आलं तर थांबवत नाही. संहिता मात्र गप्प बसून सहन करणाऱ्या सुनेची आहे, जुन्या वळणाची. लेखकाशी बोलणं झालं आहे. पहिला अंक आम्ही तिच्या बोलण्याच्या वेगाने पुन्हा लिहितोय, सासऱ्यांचे संवाद कमी करतोय, आणि त्या सासऱ्यांच्या भूमिकेसाठी मला असा माणूस हवाय, जो तिचं सगळं बोलणं न हलता ऐकून घेईल.